मान खाली म्हणजे आवाज नाही

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाकावर राग, जिभेला हाड नाही, आणि बोलून झाल्यावर पश्चात्ताप, तोही फार वेळ टिकत नाही. माझा धाकटा भाऊ अगदी उलटा. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला स्क्रू काढण्यासारखं. आधी तेल घाला, मग वाट बघत बसा. मला त्याच्याबद्दलच लिहायचंय, पण त्याच्याबद्दल लिहिताना मी मधे येणारच, त्याला इलाज नाही. एकोणीस वर्षं मी त्याच्या दुकानाच्या काउंटरवर बसते आहे.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. पुढे माझं काउंटर आणि पावतीपुस्तक, मागे त्याचं टेबल. मी मान वळवली की तो दिसतो, त्याने मान वर केली की मी. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर उघडेबोडके कॅबिनेट, वायरींची भेंडोळी, आणि बिस्किटांच्या डब्यांतून निरनिराळ्या मापाचे स्क्रू. तो फक्त जुने डेस्कटॉप कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मोबाइल घेऊन कुणी आलं तर समोरच्या गल्लीकडे बोट दाखवतो. मी कितीदा म्हटलं, अरे, जग कुठे चाललंय, थोडं तेही शिक. तर म्हणतो, "ताई, ज्यांची जुनी मशीनं आहेत त्यांनी कुठे जायचं?"

सगळी गल्ली त्याला खोडरबर म्हणते. त्याचं कारण असं, की चालू न होणारं कुठलंही मशीन आलं की तो आधी रॅमची पट्टी उपटून काढतो आणि तिच्या खालच्या सोनेरी दातांवरून शाळेतल्या मुलांचं साधं खोडरबर फिरवतो. जोर लावायचा नाही, कळकट थर जाईल एवढंच घासायचं. मग पट्टी परत खाचेत, दोन्हीकडच्या खिट्ट्या कट् कट्, आणि बटण. दहातली सहा मशीनं तेवढ्यावर उठून बसतात. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून विचारतं, "एवढंच होतं?" तो म्हणतो, "एवढंच." अरे, काहीतरी भारी बोल की, निदान कपाळाला आठ्या तरी घाल. पण नाही.

उरलेल्या चार मशीनांसाठी त्याची एक पद्धत आहे. सगळं काढून टाकायचं. डीव्हीडी काढ, हार्ड डिस्क काढ, जास्तीची कार्डं काढ. नुसता बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, पॉवर सप्लाय. एवढ्यावर चाललं तर एकेक वस्तू परत जोडत जायची, आणि जिथे अडेल तिथे दुखणं. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर आपण दुरुस्त केलं असं म्हणू नये. हे त्याचं म्हणणं.

आणि जुनं मशीन बोलतं. स्क्रीन काळीठिक्कर असली तरी आतली छोटीशी शिट्टी वाजते. नुसते लांब लांब सूर येत राहिले तर रॅम. एक लांब, दोन आखूड, तर चित्राचं कार्ड. हे त्याने मला शिकवलं तेव्हा मी म्हटलं होतं, तुझ्यापेक्षा तुझी मशीनं जास्त बोलतात. तो हसला होता.

साधारण सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मशीन टेबलावर होतं, त्याने बटण दाबलं, थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "शिट्टीही नाही. बोर्ड गेला." मी काउंटरवरून म्हटलं, "अरे, वाजतंय की. एक लांब, दोन आखूड." त्याने परत बटण दाबलं, कान कॅबिनेटला लावला. मग माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं मी त्याला बघतेय, पण तो चेहरा मी कधी बघितला नव्हता.

दुकान काढायच्या आधी दहा वर्षं तो छापखान्यात यंत्रावर होता. तिथल्या धडधडीने बारीक आवाज आधी जातात म्हणे. माणसाचं बोलणं येत होतं, समोर बसून बोललं तर. शिट्टी गेली होती.

त्या दिवसापासून त्याचे कान मी झाले. आम्ही कधी बसून ठरवलं नाही, आपोआप होत गेलं. तो बटण दाबायचा आणि माझ्याकडे बघायचा. लांब सुराला मी हात आडवा धरायचे, आखूड सुरांना बोटं. हार्ड डिस्क आतून टकटक करू लागली तर सरळ पंजा वर, म्हणजे थांब. कारण ती टकटक फार वाईट. आतली सुई तबकडीवर जागा शोधत असते आणि तिला ती सापडत नसते. तसंच चालू ठेवलं तर सुई तबकडीच खरवडते, आणि त्यावर लिहिलेलं सगळं जातं. "टकटक आली की आधी वीज बंद," त्याने मला शंभरदा सांगितलं होतं, "बाकीचं नंतर." आणि काहीच आवाज नसेल तर मी मान खाली घालून पावतीपुस्तकात बघायचे. मान खाली म्हणजे आवाज नाही. गिऱ्हाइकाला वाटायचं, ताई हिशोबात गुंतल्यात.

कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की उठून जायचा. "रिपेअरवाल्याला ऐकू येत नाही कळलं तर मशीन कोण देईल?" त्याचं खरंही होतं म्हणा. आणि खरं सांगायचं तर मलाही फार घाई नव्हती. नवऱ्याचं घर सोडून मी भावाकडे आले तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. इथे आपलं कुणालातरी काम आहे, हे मला रोज दिसत होतं.

मग ती संध्याकाळ आली. एक बाई कीबोर्ड घेऊन आल्या होत्या, हळू आवाजात काही विचारत होत्या आणि तो भलतंच उत्तर देत होता. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी वैतागून म्हटलं, "मोठ्याने बोला हो, तो बहिरा आहे." दुकानात आणखी दोन माणसं होती. बाई गेल्या, माणसं गेली, शटर अर्धं खाली आलं, आणि मग तो म्हणाला, "ताई, तुझं घर तुझ्या जिभेनेच मोडलं. आता माझं दुकानही मोड."

मी रागीट आहे, पण त्या वाक्यावर मला राग आला नाही. राग आला तो रात्रीचं जेवण आटोपल्यावर. आणि मग असा आला की मी ठरवलं, जीभच वाईट ना माझी? ठीक आहे. आजपासून ती आतच.

आमचा अबोला सुरू झाला. सकाळचा चहा मी त्याच्यासमोर आपटून ठेवला. तो पिऊन त्याने कप स्वतः धुतला. म्हणजे त्यालाही चुकलं असं वाटत होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, बघा, किती ताठा.

अबोल्याच्या दुसऱ्या दिवशी शिंपीकाका आले. दोन चौक सोडून त्यांचं दुकान आहे, सदरे फार बारकाईने शिवतात. रिक्षातून कॅबिनेट उतरवलं, पुसून आणलेलं होतं. स्टुलावर बसून दम खात त्यांनी मला सगळं सांगितलं. बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. तर ऑपरेशनच्या आधी ती रोज दुपारी या कॉम्प्युटरसमोर बसायची आणि माइकवर बोलायची. दार लावून. एकवीस दिवस. ऑपरेशननंतर आवाज गेला, आणि पुढे सहा महिन्यांत ती गेली.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "मी लावलंच नाही. छाती होत नव्हती. परवा वाटलं, आता ऐकवेल. तर हे चालूच होईना."

"दुसरीकडे कुठे काढून ठेवलंय का?" मी विचारलं.

"मला काय त्यातलं कळतं हो? जे आहे ते यातच आहे."

भाऊ मागून ऐकत होता, म्हणजे ओठांकडे बघत होता. उठून पुढे आला आणि त्याने काकांच्या हातातून कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलून घेतलं. "चार वाजता या," एवढंच म्हणाला.

काका गेले. त्याने झाकण उघडलं, ब्रशने धूळ काढली, बटण दाबलं. लांब सूर. लांब सूर. लांब सूर. आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

मी मान खाली घातली.

त्याने क्षणभर वाट बघितली असावी. मग रॅम काढली, खोडरबर फिरवलं, बसवली, बटण दाबलं. शिट्टी थांबली, स्क्रीनवर अक्षरं आली. मला समाधान वाटायला हवं होतं की नाही? मला आणखी राग आला. म्हणजे माझ्यावाचून चालतंच की याचं. मग बघू या, कुठवर चालतं ते.

अक्षरं आली, पण मशीन मधेच बंद पडलं. त्याने पॉवर सप्लाय उघडून बघितला, आतली दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी नळकांडी, टम्म फुगलेली. त्याने फळीवरून दुसरा सप्लाय काढून जोडला. आता बंद पडत नव्हतं, पण हार्ड डिस्क कधी दिसायची, कधी दिसायची नाही. त्याच्या मनात असणार, खराब सप्लायमधून वीज कमीजास्त मिळत होती, तर केबलचं टोक जळलं असेल. बरोबरच होता विचार. त्याने बटण दाबलं, आणि मला ते ऐकू आलं.

टक्. टक्. टक्.

फार मोठा आवाज नव्हता, नखाने वाटीवर टिचकी मारावी तेवढाच. त्याने डिस्कवर हात ठेवला, पण कॅबिनेटच्या जुन्या पंख्याची बेअरिंग गेलेली, सगळा डबाच थरथरत होता. हाताला काय कळणार? त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

आता इथे मला खोटं लिहायचं नाही. मला ऐकू येत होतं. त्याचा अर्थ मला माहीत होता. काकांच्या बायकोचं मी तासाभरापूर्वीच ऐकलं होतं. पण त्या वेळी डोक्यात ना काका होते, ना ती बाई. डोक्यात ते एकच वाक्य होतं, तुझं घर तुझ्या जिभेनेच मोडलं. पंजा वर करायला जीभ लागत नाही, हेही मला कळत होतं. पण मला वाटत होतं, त्याने विचारावं. नुसतं बघायचं नाही, तोंडाने विचारायचं. "ताई, काही ऐकू येतंय का?" एवढं म्हण, लगेच सांगते. मी पावतीपुस्तकात बघत राहिले.

आणि माझी मान खाली होती, म्हणून त्याने मानलं की आवाज नाही. दोन दिवस आम्ही बोललो नव्हतो, तरी त्याने मानलं. त्या दिवसापर्यंत सात वर्षांत मी त्याला एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं.

त्याने केबल बदलली, बटण दाबलं. टक्, टक्. विजेचं टोक बदललं, परत बटण. टक्, टक्, टक्. एका वेळी एकच वस्तू, त्याच्या पद्धतीने. मी मनात म्हणत होते, पुढच्या वेळी सांगते. ही झाली की सांगते. चौथ्या खेपेला टकटक थांबली आणि पत्र्यावरून खिळा ओढावा तसा आवाज आला. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात स्क्रीनवर डिस्क नाही असं आलं आणि त्यानेच बटण बंद केलं.

त्याने डिस्क सोडवली, बाहेर काढली, तळहातावर ठेवून क्षणभर वीज दिली आणि लगेच तोडली. डब्याच्या थरथरीबाहेर हाताला सगळं कळलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ताई," तो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "ही वाजत होती का?"

तेव्हा तरी खरं सांगायचं. पण त्याचा तो चेहरा बघून माझी जीभ, जी एरवी कुणाला भीत नाही, ती म्हणाली, "मला नाही बाबा काही ऐकू आलं."

चार वाजता काका आले तेव्हा त्याने त्यांना बसवलं आणि सांगितलं, "काका, डिस्क खराब झालीये. माझ्या हातून झाली असं वाटतं. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. सात वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही." ज्या गोष्टीवरून आमचं वाजलं होतं ती त्याने स्वतः, न विचारता सांगितली. मी काउंटरची कड धरून बसले होते.

डिस्क दुसऱ्या शहरात अशा डिस्का उघडणाऱ्यांकडे पाठवली. तीन आठवड्यांनी परत आली, सोबत पत्र. तबकडीवरचा थर खरवडला गेलाय, काही निघणार नाही. खाली एक ओळ होती, की पहिल्या आवाजालाच वीज तोडली असती तर बराचसा भाग वाचला असता. पत्र मीच उघडलं होतं. मीच त्याला वाचायला दिलं. त्याने ती ओळ दोनदा वाचली असावी, कारण त्याचे डोळे तिथून हलेनात.

काका फार बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ती लिहून गेली होती, लगेच ऐकू नका, त्रास होईल, थोड्या दिवसांनी ऐका. मीच फार दिवस लावले." डिस्क त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली. तिच्या वजनाने खिसा खाली ओढला गेला, म्हणून ते त्यावर हात धरून पायऱ्या उतरले. एकवीस दुपारी त्या बाई काय बोलल्या ते आता कुणालाच कधी कळणार नाही. त्या दार लावून बसायच्या. मी हा विचार करायला लागले की मला बसवत नाही, उठून काहीतरी आवरते.

भावाने त्यानंतर दोन महिने एकही मशीन घेतलं नाही. टेबलाशी बसून डब्यातले स्क्रू निवडायचा. मी रोज ठरवायचे, आज सांगते. एकदा "ऐक" म्हणून सुरुवातही केली, तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मी काय विचार करत होतो सांगू? ती डिस्क वाजल्याशिवाय राहिलीच नसणार. आणि तुला ऐकू आलं असतं तर तू सांगितलंच असतंस. आपलं भांडण होतं, तरी सांगितलं असतंस, तेवढं मला माहीत आहे. म्हणजे तुझेही कान गेले. वय झालं, ताई. माझ्यापायी तू इतकी वर्षं कान ताणून बसलीस."

मग म्हणाला, "चल, दोघं जाऊ डॉक्टरकडे. तू आलीस तर मीही लावतो ते कानातलं मशीन."

सात वर्षं मी जे कर म्हणून त्याला सांगत होते, ते तो माझ्या काळजीपोटी करायला निघाला होता.

त्याची तपासणी आधी झाली. मग मला एका छोट्या खोलीत बसवलं, भिंतींना स्पंज, समोर काच. कानांवर जाडजूड वाट्या आणि हातात बटण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी." काचेपलीकडे तो उभा होता, परीक्षेला बसलेल्या मुलीचा बाप उभा असतो तसा.

जाड आवाजांना मी बटण दाबलं. मग बारीक सुरू झाले. मला सगळे ऐकू येत होते. अगदी टोकाचा, केसाएवढा, तोही येत होता. या वयात एवढे चांगले कान आहेत म्हणून एरवी मी गावभर मिरवलं असतं. मी काचेतून त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर माझ्या हातावर होती. मी अंगठा बटणावरून काढला आणि मान खाली घातली.

आता आम्हा दोघांच्या कानांत मशीनं आहेत. त्याचं छान चालतं. शिट्ट्या त्याच्या तो ऐकतो, परवा एका डिस्कची टकटक त्याने माझ्याआधी पकडली आणि झटकन वीज तोडली. बटण दाबून माझ्याकडे बघायची त्याला आता गरज पडत नाही. माझं मशीन मी बंद करून लावते, नाहीतर डोकं उठतं. शिंपीकाकांच्या दुकानावरून मी जात नाही, मागच्या गल्लीने वळसा घालून जाते.

भाऊ माझ्याशी मोठ्याने बोलतो, समोर येऊन, सावकाश. मी एखाददोन वेळा "काय?" म्हणते. आणि तो न चिडता परत सांगतो.